श्रीनगरला बर्फ, विमान रद्द: आता काय करायचं?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅट नंबर.)

बी-६०३: आपले नऊ जण श्रीनगरला डल गेटजवळच्या हॉटेलात आहेत. कालपासून बर्फ थांबलेला नाही आणि उद्या सकाळचं दिल्लीचं विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. ड्रायव्हर म्हणतो, आत्ता निघालो तर रात्रीत जम्मू गाठू. सासू-सासरेही त्यात आहेत. जाऊ द्यावं का?

ए-११०२: वहिनी, अजिबात नको. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की लोकांना वाटतं सुटलो, पण खरा धोका पुढे, बनिहाल ते रामबन. तिथले डोंगर ठिसूळ आहेत. पाणी मुरलं की दगड आणि चिखल रस्त्यावर उतरतो आणि मग गाडी पुढेही जात नाही, मागेही फिरत नाही. शिवाय रात्री ओला रस्ता गोठतो. तो थर डांबराइतकाच काळा दिसतो, हेडलाइटमध्ये ओळखू येत नाही.

ए-११०२: रस्त्याची खबर ड्रायव्हरकडून नको. जम्मू-काश्मीर ट्रॅफिक पोलीस आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची सूचना त्यांच्या फेसबुक आणि एक्सच्या पानावर टाकतात, ती वाचा. 'रस्ता सुरू' लिहिलं तरी आधी अडकलेल्या गाड्या सोडतात, तेही बरेचदा एकाच बाजूने.

सी-२०१: हॉटेल मुळीच सोडू नका. आधी तिकीट. मेसेजमधल्या लिंकवर दोन पर्याय असतात: पूर्ण रिफंड किंवा जादा पैसे न घेता दुसरं विमान. घाईत रिफंड दाबू नका. रिफंड घेतला की हक्काची जागा गेली, मग नवं तिकीट त्या दिवशीच्या दराने. बर्फामुळे रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही, त्यासाठी काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका.

परवाची विमानं आधीच भरलेली असतात. आजचे लोक उरलेल्या जागांत बसवायचे असतात, म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत जो तारीख बदलेल त्यालाच जवळची तारीख मिळते. नऊ जण एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असतील तर एका विमानात नऊ जागा सापडणार नाहीत. कॉल सेंटरला सांगून पीएनआर फोडून घ्या, तीन-तीनचे गट करा. प्रत्येक गटात एक तरुण माणूस हवाच.

बी-६०३: दादा, दिल्ली-पुणे तिकीट दुसऱ्या कंपनीचं आहे. ते आपोआप बदलेल ना?

सी-२०१: नाही! यातच सगळ्यांचे पैसे बुडतात. वेगळा पीएनआर म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही नुसते गैरहजर. ते विमान सुटण्याच्या आत तारीख बदला किंवा रद्द करा, आज रात्रीच. वेब चेक-इन केलं असेल तर आधी ते मागे घ्यावं लागतं, नाहीतर बदल होत नाही. आणि बुकिंगवर मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही पाहा. एजंटचा असेल तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातील.

डी-३०२: रेल्वेचं काय? आता थेट लाइन झाली ना?

ए-११०२: हो, जून २०२५ पासून. बर्फात सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच, कारण पीर पंजालची डोंगररांग रेल्वे ११ किलोमीटरच्या बोगद्यातून ओलांडते आणि पुढेही बराच भाग बोगद्यांत आहे. वंदे भारतच्या समोरच्या काचेत गोठण रोखणारी सोय आहे. श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, कटऱ्याला तीन तासांच्या आसपास लागतात. आयआरसीटीसीवर 'श्री माता वैष्णोदेवी कटरा' असं शोधा. विमानं रद्द झाली की गाडी मिनिटांत भरते. तरी चार्ट लागल्यावर करंट बुकिंगमध्ये सुट्या जागा निघतात, तेव्हा परत बघा. पुढे जम्मू तवीहून पुण्याला झेलम एक्सप्रेस आहे, कटऱ्याहून वांद्र्याला स्वराज एक्सप्रेस. पण पुढचं तिकीट हातात आल्याशिवाय विमानाचा रिफंड घेऊ नका.

ए-७०४: आमचे भाऊ-वहिनी गुलमर्गला आहेत. त्यांना खाली यायचंय.

ए-११०२: काका, गुलमर्ग ते टंगमर्ग १३ किलोमीटर सलग उतार. फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाडीतूनच उतरायचं. चेन ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच लागते: इनोव्हा क्रिस्टाला मागच्या, हायक्रॉस किंवा अर्टिगाला पुढच्या. उलट लावली तर काही उपयोग नाही. वेग तीसच्या आत, गाडी खालच्या गिअरमध्ये, ब्रेक हळूहळू. सकाळी अकरा ते तीन हीच वेळ, तेव्हा गोठलेला थर सुटलेला असतो.

मध्येच अडकले तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी काढायचा. नळी बुजली की धूर आत येतो. पाकिस्तानातल्या मरी गावाजवळ जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांतच माणसं गेली. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालू, एक काच बोटभर उघडी.

डी-५०४: डॉक्टर म्हणून सांगतो, तेच हॉटेलच्या खोलीलाही लागू. बंद खोलीत गॅस हीटर किंवा बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकाच खोलीतल्या दोघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर तो थंडीचा त्रास समजू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा.

सेक्रेटरी: फोन कुणाला करायचा? काहींचे लागतच नाहीत.

सी-२०१: बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. वीज गेली की हॉटेलचं वायफायही जातं. पोस्टपेड असलेल्यांचे नंबर इथे पिन करा, बाकीच्यांनी त्यांच्यामार्फत निरोप द्यावा. पॉवर बँक रात्री पांघरुणात ठेवा, थंडीत चार्ज लवकर उतरतो. आणि विमानतळावर तीन तास आधी पोचा. टर्मिनलच्या बऱ्याच आधी, बाहेरच्या फाटकावरच सगळं सामान तपासतात.

बी-६०३: ड्रायव्हरला 'निघायचं नाही' असं सांगितलं. तारीख बदलतोय, सासरे परवाच्या गटात. त्यांचं इन्सुलिन रात्रभर खिडकीतल्या बॅगेत राहिलं, चालेल का?

डी-५०४: वहिनी, गोठल्याची शंका असली तरी वापरू नका. परत पातळ झालं, दिसायला नेहमीसारखं वाटलं तरी त्याचा भरवसा नाही. जेवणाआधीच्या डोसला किती वेळ आहे? इन्सुलिनचं नाव आणि ताकद कळवा. हॉटेलवाल्यांना जवळचं मेडिकल विचारा, नवीन पेन मिळालं की ते आतल्या खिशात, अंगालगत ठेवायला सांगा.