शिलेदार म्हणजे निष्ठावान? मला नाही पटत

बखरवाचक:
हल्ली कुणाचाही विश्वासू माणूस म्हणजे 'शिलेदार'. पक्षाचा शिलेदार, संघाचा शिलेदार, बॅनरवर तर सगळेच. अरे पण शब्दाचा अर्थ काय? सिलाह म्हणजे हत्यार, ते बाळगणारा तो सिलाहदार, फारसीतून आलाय. मराठी फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा, हत्यारं स्वतःची, आणि ती घेऊन जो चाकरीला यायचा तो शिलेदार. बारगीर वेगळा, त्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत रचना दिलीये, 25 बारगिरांवर 1 हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमल्यांवर हजारी. आणि तिथेच म्हटलंय की शिलेदार पागेच्या, म्हणजे सरकारी घोडदळाच्या, ताब्यात ठेवले, म्हणजे बंडाला जागा राहू नये. आता सांगा, ज्याच्या बंडाची काळजी महाराजांना घ्यावी लागली त्याचं नाव आपण निष्ठेला देतोय. निष्ठावान म्हणायचं तर बारगीर म्हणा!

काळीघोडी:
नाही हो, उलटं आहे. बारगिराचं जनावर पडलं तर नुकसान सरकारचं. शिलेदाराचं पडलं तर त्याची रोजीरोटीच गेली, आणि तरी तो लढाईत उतरायचा ना? घरचं भांडवल पणाला लावणाऱ्यालाच लोक शिलेदार म्हणतात, मला तर यात काहीच चुकीचं दिसत नाही.

बखरवाचक:
तुम्ही जे सांगताय तीच तर पद्धतीची मोठी अडचण होती. घोडा मेला की माणूस बसला घरी, मग साहजिकच तो घोडा जपणार, अंगावर घ्यायची वेळ आली की हात आखडणार. मी त्याला भित्रा म्हणत नाहीये, पोट आहे शेवटी. इंग्रजांनीसुद्धा हीच पद्धत उचलली, 1803 मध्ये उभा राहिलेला स्किनरचा रिसाला, म्हणजे घोडदळाची पलटण, अशाच सिलेदारी पद्धतीचा, स्वाराच्या पैशातून घोडा. पहिल्या महायुद्धात घोडे इतके मेले की स्वारांनी नवे आणायचे कुठून, आणि मग युद्धानंतर ती पद्धत मोडीत निघाली.

मोडीप्रेमी:
दोघांचंही वाचलं. माझं म्हणणं, शब्दाला त्याच्या जन्मापाशी बांधून ठेवता येत नाही. बारगीरचंच बघा, बार म्हणजे ओझं, त्यातून झालेला शब्द, आपल्याकडे पगारी स्वार. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरल्या आणि तिकडे त्याचं 'बर्गी' झालं, म्हणजे लुटारू, आया अजून अंगाईत त्याची भीती घालतात. बखरवाचक, तुमचा निष्ठावान बारगीर तिथल्या माणसाला सांगून बघा! तेव्हा शिलेदारचा अर्थ बदलला तर बदलू दे.

बखरवाचक:
बदलू दे, पण बंगालात निदान अनुभवातून बदलला, तिथल्या लोकांची गावं जळाली होती. आपल्याकडे नुसता कानाला भारी वाटतो म्हणून. आणि जुना अर्थ मेलेलाही नाही, 'एकांडा शिलेदार' आपण रोज म्हणतो की, कुणाच्या पथकात नसलेला, स्वतःच्या बळावर लढणारा. हाच माणूस दुसऱ्या वाक्यात साहेबांचा शिलेदार कसा होतो?

काळीघोडी:
एकांड्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षातच आला नव्हता. पण चाकरी तर तोही कुणाची तरी करायचाच ना, फक्त घोडा स्वतःचा. 'साहेबांचा शिलेदार' मला अजूनही चालतो, जोवर तो स्वतःचं काहीतरी घेऊन आलाय. नुसता साहेबांच्या गाडीत बसून फिरणारा असेल तर मात्र तुमचं बरोबर, तो बारगीरच.