संगणकाला शब्दांचा अर्थ कळतो का? मागाला नक्षी कळते तितकाच!

जेकार्डवाला, पूर्व भाग
आमच्या कारखान्यातली पोरं म्हणतात, चॅटजीपीटीला आता मराठी समजते. मला पटत नाही. ज्या जेकार्ड मागावर आपली सोलापुरी चादर निघते, संगणकाचं घराणंही तिथलंच. फ्रान्सच्या जाकारनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या कार्डांवर माग चालवला. भोक असेल तिथला उभा धागा वर, नसेल तिथला खाली. इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी तीच कार्डं घ्यायचं ठरवलं. १८४३ मध्ये त्याची सहकारी एडा लवलेसनं लिहून ठेवलंय, जेकार्ड फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. आता सांगा, मोराची चादर काढणाऱ्या मागाला मोर ठाऊक असतो का? कार्डं लाखांनी वाढवा, तरी नाही होणार. जॉन सर्ल या तत्त्वज्ञानं १९८० मध्ये हेच मांडलं: चिनीचा गंध नसलेला माणूस खोलीत बसून, नियमांचं पुस्तक बघून, चिनी प्रश्नांना चिनी उत्तरं बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं, आत चिनी पंडित बसलाय.

कोडवाली
अण्णा, तुमच्या कार्डाला भोकं माणूस पाडतो. इथं कुणीच पाडत नाही. २०२२ मध्ये संशोधकांनी चॅटजीपीटीच्याच जातीच्या एका संगणकी मॉडेलला ऑथेल्लो खेळाच्या नुसत्या चालींच्या याद्या दिल्या. पट कसा असतो, सोंगट्या कशा उलटतात, काही सांगितलं नाही. काम एकच, पुढची चाल ओळखायची. नंतर आत डोकावलं तर कुठल्या घरात कुणाची सोंगटी आहे याचा हिशेब त्यानं आपला आपण मांडलेला! तो हिशेब आतून बदलला की चालीही त्याप्रमाणे बदलायच्या. याला नक्षी कसं म्हणायचं?

जेकार्डवाला
चौसष्ट घरांचं जग आहे ते, ताई. चालींच्या यादीत अख्खा खेळ मावतो. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन मावतंय का कुठल्या यादीत?

कोडवाली
जन्मांध माणूस रंग न बघता रंगांबद्दल नीट बोलतो. बऱ्याच अंशी लोकांच्या बोलण्यातूनच शिकतो ना?

शेंगाचटणी
१९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वायझेनबाम यांनी एलायझा नावाच्या प्रोग्रॅमची माहिती छापली. तो तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बस्स. त्यांच्या सेक्रेटरीनं ते काम महिनोन्महिने होताना बघितलं होतं, तरी तीच त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का, मला याच्याशी बोलायचंय. अर्थ समोरून येतच नाही ओ, आपणच ओततो.

निवृत्त मास्तर, होटगी रोड
एक परीक्षा राहून गेली. 'नगरसेवकांनी मोर्चेवाल्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना दंगलीची भीती होती.' भीती कुणाला? नगरसेवकांना. शेवट 'कारण ते दंगलीची भाषा करत होते' असा केला, की 'ते' म्हणजे मोर्चेवाले. इथं व्याकरण कामाला येत नाही, मोर्चा म्हणजे काय ते माहीत लागतं. संगणकतज्ज्ञ टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये अशा धर्तीचं वाक्य दिलं होतं. पुढे हेक्टर लेवेक या दुसऱ्या संगणकतज्ज्ञानं त्यावरून यंत्रांसाठी परीक्षाच सुचवली. २०१९ मध्ये मॉडेलनं त्या जुन्या वाक्यांत नव्वद टक्के मिळवले. गंमत अशी, की ज्यांनी हे दाखवलं त्यांनाच शंका होती, शब्दांच्या जोड्यांवरूनच उत्तर फुटत असेल. त्यांनी तसले आयते सुगावे गाळून सुमारे ४४ हजार नवी वाक्यं जमवली, आणि तिथं मॉडेल माणसाच्या बरंच मागं राहिलं. तेव्हापासून मी तरी नुसत्या टक्क्यांवर भरवसा ठेवत नाही.

कोडवाली
सर, ते २०१९ चं. नंतरच्या मॉडेलांनी त्यातलंही बरंच अंतर कापलंय. पास झालं की तुम्ही परीक्षाच खोटी ठरवता. काय केलं तर मान्य कराल, ते एकदा आधी लिहून टाका.

जेकार्डवाला
लिहितो की. 'उद्यापासून कारखाना बंद' अशी पाटी वाचली की माझ्या कामगाराच्या पोटात गोळा येतो. नाही आला, तर त्याला पाटी कळलीच नाही म्हणेन मी. तुमच्या यंत्राचं चुकलं तरी त्याचं काही जात नाही, बरोबर आलं तरी पदरात काही पडत नाही.

कोडवाली
ही समजण्याची परीक्षा कुठं झाली अण्णा? ही घाबरण्याची झाली. बार्शीहून सहज आलेल्या माणसानं तीच पाटी वाचली, त्याच्या पोटात काही गोळा यायचा नाही. मग त्याला मराठी वाचता येत नाही म्हणणार का?