डोक्याला मार लागल्यावर खेळाडूचं 'मी ठीक आहे' ऐकायचं का?

तिसरी_स्लिप

"हल्ली जरा टोला बसला की डॉक्टर लगेच बाहेर बसवतात, जुन्या लोकांत दम होता." सामन्याच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. काल पुन्हा ऐकलं, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. मांडी, घोटा, खांदा यांच्याबद्दल खेळाडूचं जरूर ऐका. डोक्याबद्दल ऐकू नका. कन्कशनची, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम बिघडल्याची, नुसती शंका आली तरी त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला पाहिजे. हे ठरवणारा डॉक्टर संघाच्या पगारावर नसावा आणि त्याचा निर्णय कर्णधार, प्रशिक्षक किंवा खुद्द खेळाडू यांपैकी कोणालाच फिरवता येऊ नये.

घोटा मुरगळला तर किती दुखतंय हे सांगणारं डोकं शाबूत असतं. कन्कशनमध्ये सांगणाराच जायबंदी असतो. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल आठवा. जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर १७ व्या मिनिटाला जोरात धडकला, उठला, खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने रेफरी निकोला रिझोली यांनाच विचारलं, ही फायनलच आहे का? त्यांनी ते क्रामरचा सहकारी श्वाइनस्टायगरच्या कानावर घातलं. क्रामर बाहेर आला तो ३१ व्या मिनिटाला. म्हणजे आपण कुठला सामना खेळतोय हे ज्याला कळत नव्हतं, तो विश्वचषकाच्या फायनलमध्ये आणखी चौदा मिनिटं धावत होता!

क्रामर सुखरूप राहिला. अमेरिकेतला शाळकरी खेळाडू झॅकरी लिस्टेड तितका सुदैवी नव्हता. २००६ मध्ये तेरा वर्षांचा असताना त्याचं डोकं आपटलं, थोडा वेळ बसला, दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण पुढची कित्येक वर्षं बोलायला आणि चालायला नव्याने शिकण्यात गेली. त्याच्या नावाने २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कायदा झाला: शंका आली की मूल बाहेर, आणि वैद्यकीय व्यक्तीने लेखी दिल्याशिवाय परत नाही. पुढे सगळ्या राज्यांनी तसेच कायदे केले. मुलांसाठी जे मान्य झालं ते मोठ्यांसाठी का नको?

रिव्हर्स_स्वीप

असहमत. मूल आणि सज्ञान माणूस यांत फरक आहे, म्हणूनच तो कायदा मुलांसाठी आहे.

२००२, अँटिगा कसोटी. मर्व्हिन डिलनच्या चेंडूने कुंबळेचा जबडा मोडला. तो डोक्याभोवती पट्टी बांधून आला, सलग १४ षटकं टाकली, लाराला पायचीत केलं आणि मग शस्त्रक्रियेसाठी मायदेशी रवाना झाला. त्याला धोका माहीत होता, निर्णय त्याचा होता. तुमच्या नियमाने त्याला दोरीच्या आत पाऊल टाकता आलं नसतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. नियम जितका कडक, तितकी लपवाछपवी. हंगामाच्या सुरुवातीला मेंदूची जी तुलनात्मक चाचणी घेतात, ती काही खेळाडू मुद्दाम वाईट देतात, म्हणजे मार लागल्यावरचे गुण त्याच्याशी जुळतात आणि खेळायला मिळतं. कबूल केलं की बाहेर, हे एकदा पक्कं झालं की गरगरतंय असं कोण सांगेल? नियम कागदावर कडक होईल आणि मैदानावर आंधळा.

टेपवाली_फिजिओ

रिव्हर्स स्वीप, लपवाछपवीबद्दल तुमचं बरोबर आहे. रोज बघते. कुंबळेचं मात्र पटलं नाही. जबडा मोडण्याइतका टोला बसला तर आज आधी कन्कशनची तपासणी होते, जबड्याचं नंतर.

ती तपासणी कशी असते ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं आम्ही दोन बोटं दाखवून 'किती?' विचारतो. आधी मान. मानेच्या कण्याला इजा नाही याची खात्री होईपर्यंत त्याला हलवायचं नाही. मग प्रश्न: आपण कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो, जिंकलो का. एक जरी चुकला तरी विषय संपला. बरोबर आले तर आत नेऊन दहा शब्दांची यादी ऐकवायची आणि परत म्हणायला लावायची, महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगायचे, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालवायचं. मग काही मिनिटांनी तेच दहा शब्द पुन्हा विचारायचे. नीट केलं तर दहा ते पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात प्रशिक्षक दारात उभा राहून 'झालं का, झालं का' करत असतो आणि खेळाडू माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत असतो.

आणि एवढं करून पास झालेलाही सुरक्षित नसतो. २०१९, लॉर्ड्स. स्मिथ ८० वर असताना आर्चरचा बाउन्सर मानेवर बसला. तो बाहेर गेला, चाचण्या पास झाला, पाऊण तासाने परत आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखत होतं, गुंगी होती. त्याच्या जागी लाबुशेन आला, कसोटीतला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट. त्यात कोणाची हयगय नव्हती. लक्षणंच उशिरा येतात. म्हणून मी तिसरी स्लिपच्याही पुढे जाईन: शंका असेल तर चाचणीत पास झाला तरी त्या दिवशी परत नाही.

हाफटाइम

पण 'शंका' कोणाची? स्वतंत्र डॉक्टर आणला की प्रश्न सुटला असं इथे गृहीत धरलं जातंय. २५ सप्टेंबर २०२२, अमेरिकन फुटबॉल. मायामीचा टुआ टॅगोवायलोआ डोकं आपटून उठला, काही पावलं चालला आणि झोकांडी खाऊन खाली आला. लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिलं. स्वतंत्र मेंदूतज्ज्ञ हजर होता. झोकांडी पाठीच्या दुखण्याने गेली असं ठरलं आणि तो परत खेळला. चार दिवसांनी पुढच्या सामन्यात पुन्हा डोकं आपटलं. या वेळी हाताची बोटं आखडलेली, स्ट्रेचर, हॉस्पिटल.

तिसरी_स्लिप

हाफटाइम, त्यानंतर काय झालं तेही सांगा ना. खेळाडूंच्या संघटनेने त्या तज्ज्ञाला काढलं आणि ऑक्टोबरमध्ये नियम बदलला: डोक्याच्या मारानंतर तोल गेलेला दिसला तर कारण काहीही सांगा, त्या दिवशी परत नाही. म्हणजे तर्क लढवायला जी जागा ठेवली होती, तीच बंद करावी लागली. मी हेच म्हणतोय.

कोच_शिट्टी

तुम्ही सगळे अपघात झाल्यानंतरचं बोलताय. मी प्रशिक्षक आहे आणि या चर्चेत प्रशिक्षकाला खलनायक केलंय, ते मला लागलं. मैदानावरची बहुतांश इजा डोक्याची नसतेच. ती असते गुडघा, घोटा, मांडीची मागची शीर. आणि तिथे बरंच काही टाळता येतं.

फुटबॉलचा '११ प्लस' वॉर्म-अप घ्या. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, चेंडू सोडून एका पैशाचं साहित्य लागत नाही. हळू धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग वेगात धावून दिशा बदलणं. उडीवरून उतरताना गुडघा आत पडू द्यायचा नाही, तो पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा, हे पुन्हा पुन्हा. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या जवळजवळ १,९०० मुलींवर तपासलं, २००८ मध्ये प्रसिद्ध झालं: गंभीर दुखापती निम्म्याच्या आसपास खाली. एसीएल (गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध) तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचं तेच. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं. हा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांनी मांडीच्या शिरेच्या दुखापती निम्म्यावर येतात.

मग कोणी करत का नाही? कंटाळवाणं आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी मांडी ठणकते म्हणून. प्रशिक्षकाला वीस मिनिटं डावपेचांना हवी असतात म्हणून. डॉक्टरला नकाराधिकार देऊन यातलं काहीच बदलत नाही. आठवड्यातून किमान दोनदा हा वॉर्म-अप माझ्याच हातून होणार आहे, आणि डॉक्टर त्या वेळी मैदानावर नसतो.

रिव्हर्स_स्वीप

+१. आणि शिट्टीसाहेब, एसीएलनंतर परत कधी यायचं, हेही खेळाडूवर सोडलेलं बरं ना?

कोच_शिट्टी

नाही, तिथे मी तुमच्या बाजूने नाही. २०१६ च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता साधारण निम्मी होत गेली. सहाव्या महिन्यात पोरं धावायला लागतात, दुखत नाही, म्हणतात 'सर, झालो तयार'. न दुखणं हा निकष नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजा, एका पायावरच्या उड्यांचं अंतर मोजा. दुखरा पाय दुसऱ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आला नसेल तर तो सामन्यात उतरत नाही, मग त्याचे वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले तरी चालेल.

शनिवारची_मॅच

सगळ्यांची उदाहरणं टीव्हीवरची आहेत. बहुतेक सामन्यांत डॉक्टर नसतो, फिजिओ नसतो, असते ती एक प्रथमोपचाराची पेटी. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

टेपवाली_फिजिओ

मग निर्णय सोपा आहे, अवघड नाही. तपासायला कोणी नाही, म्हणजे परत पाठवायला कोणी नाही. शंका कोणीही घेऊ शकतो: सोबतचा खेळाडू, पंच, पालक. मान दुखणं, दुहेरी दिसणं, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झटका, शुद्ध हरपणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, यांपैकी एक जरी असेल तर थेट हॉस्पिटल. बाकीच्यांना घरी एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका.

आणि अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायचा सल्ला आता जुना झाला. एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, मग टप्प्याटप्प्याने वाढवत सामन्यापर्यंत. एकूण सहा टप्पे, प्रत्येकाला निदान २४ तास. धडकाधडकीच्या सरावाआधी डॉक्टरची परवानगी. विद्यार्थी असेल तर पूर्ण वेळ अभ्यास जमायला लागल्यावरच पूर्ण खेळ.

रिव्हर्स_स्वीप

हे सगळं मान्य करूनही माझा प्रश्न उरतोच. पंधरा मिनिटं लागतात म्हणता. फुटबॉलमध्ये तेवढा वेळ संघ दहा जणांनी खेळणार का? खेळाडू खोटं बोलतो ते दम दाखवायला नाही, आपण बसलो तर संघ उघडा पडेल म्हणून. आणि एकदा जागा गेली की पुढचा करारही जातो. ते आधी सोडवा, मग नकाराधिकाराचं बोलू.

तिसरी_स्लिप

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटला. रग्बीने तो सोडवलाय: संशयित खेळाडू १२ मिनिटं आत जातो, तेवढ्यापुरता बदली खेळाडू उतरतो, कोणाचंच नुकसान नाही. फुटबॉलमध्ये खेळाडूंची जागतिक संघटना हेच तात्पुरतं सब्स्टिट्यूशन मागत होती. नियम करणाऱ्या मंडळाने २०२३ मध्ये त्याच्या चाचणीलाही नकार दिला आणि फक्त कायमची जादा बदली ठेवली. म्हणजे 'आधी नीट तपासू, ठीक असेल तर परत येईल' ही वाटच नाही. डॉक्टरने एक तर तीन-चार मिनिटांत मैदानावरच ठरवायचं, नाही तर चांगला खेळाडू उरलेल्या सामन्याला गमवायचा. कराराच्या भीतीवर माझ्याकडे आज उत्तर नाही. पण ती बारा मिनिटं मागायला तुमची-माझी हरकत एकच नसावी. त्या मागणीवर तुम्ही माझ्यासोबत आहात का?

रिव्हर्स_स्वीप

बारा मिनिटांना, हो. नकाराधिकाराला, अजून नाही.