मदत हवी आहे: त्रिकोणाच्या गणितात दर वेळी 180 = 180 येतंय

मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. काल रात्रीपासून आम्ही दोघी एका गणितात अडकलोय.

त्रिकोण अबक मध्ये अब = अक. बाजू अक वर ड हा बिंदू असा आहे, की अड = बड = बक. तर त्रिकोण अबक चे कोन काढा. एकाही कोनाचं माप दिलेलं नाही!

आम्ही कोन अ ला क्ष मानलं. कोन ब आणि कोन क सारखे, म्हणून दोघांना य. क्ष + 2य = 180. अड = बड, म्हणून कोन अबड पण क्ष, आणि कोन अडब = 180 − 2क्ष. आता त्रिकोण अबड च्या कोनांची बेरीज केली की क्ष उडून जातो आणि 180 = 180 उरतं. त्रिकोण बडक मध्ये य उडतो. कोनमापकाने कोन अ 35 च्या आसपास भरतो, पण मोजून उत्तर चालणार नाही.

कृपया नुसतं उत्तर देऊ नका, अडतंय कुठे ते सांगा. भूमिती आपल्याला जमणारच नाही असं ती म्हणायला लागलीय, ते मला फार लागतं.

प्रतिसाद

तुमची एकही ओळ चुकलेली नाही. फक्त 180 − 2क्ष हे ज्या बेरजेतून काढलंत, त्याच बेरजेत परत घातलंत. मग नवीन काय मिळणार? दोन्ही लहान त्रिकोणांना जोडणारी गोष्ट अजून वापरलीच नाही: अ, ड, क एका रेषेत आहेत. कोन बडक हा त्रिकोण अबड चा बाह्यकोन. दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय तिला आठवत असेल, पुढचं तिलाच करू द्या. य लागणार नाही.

धागाकर्ती

सुटलं!! कोन बडक = क्ष + क्ष = 2क्ष. बड = बक, म्हणून कोन क पण 2क्ष, कोन ब तेवढाच. 5क्ष = 180, क्ष = 36. कोन 36, 72, 72. सगळं तिने केलं, मी नुसती शेजारी बसले होते. आता विचारतेय, त्रिकोण बडक चे कोनही 36, 72, 72 च कसे आले?

प्रतिसाद

फार छान प्रश्न! दोन्ही त्रिकोण समद्विभुज, आणि पायाचा कोन क दोघांत सामाईक. म्हणून उरलेले कोनही जुळतात. तिला एक सुसम पंचकोन काढायला सांगा आणि एका शिरोबिंदूतून दोन्ही कर्ण. मधला त्रिकोण हाच निघेल.