क्लासिक ३५० पाडव्याच्या शोभायात्रेसाठी सजवायची आहे, आधी काय आणि काय नको?

मरून_३५०:
गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली, एमएच-०१ पासिंग. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत उतरवायची आहे, हातात सहा आठवडे. यादी अशी: टाकी, टूलबॉक्स आणि दोन्ही मडगार्ड काळ्याचे गडद मरून, वर सोनेरी पट्टी. शॉर्ट बॉटल (आखूड, मोठ्या आवाजाचा) सायलेन्सर. पुढे २० वॅटचे दोन एलईडी फॉग लाइट, चारही इंडिकेटर छोटे एलईडी. साडी गार्ड काढून मागची बाजू मोकळी. मागे बसणारी नऊवारीत असेल. बजेट तीस हजार. गॅरेजवाला म्हणतो सगळंच पावडर कोटिंग करून टाका, जन्मभर बघायला नको. खरं का? आणि सुरुवात कुठून करू?

कागद_आधी:
सुरुवात ताडदेव आरटीओपासून. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. काळ्याची मरून झाली आणि बुकात काळाच राहिला, तर नाक्यावर अडकाल आणि पुढे क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवालाही त्यावरच बोट ठेवेल. म्हणून रंगाला हात लावण्याआधी आरटीओत चौकशी करून नोंद कशी करायची ते ठरवा आणि इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नीट वाचा. आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपासून वेगळी पडेल असा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा.

सायलेन्सर यादीतून खोडा. आवाजाची मर्यादा ओलांडली की कलम १९०(२): दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, वर लायसन्स तीन महिने बाद. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

नंबर प्लेट एचएसआरपी (सरकारमान्य हाय सिक्युरिटी प्लेट) हीच ठेवा. चार-एक-चार-एकचा 'दादा' आणि दोन-एक-चारचा 'राम' आता फक्त जुन्या फोटोंत शोभतो.

रंगारी_लालबाग:
पावडर कोटिंग वाईट नाही, पण जागा चुकतेय. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळून बसते. २०१४ च्या टाकीवर कुठेतरी पोचा आणि त्याखाली पुट्टी असणारच. साधी पॉलिस्टर पुट्टी त्या तापमानाला फुगते, सुटते. शिवाय टाकीत पेट्रोलची वाफ राहिली असेल तर ती भट्टीत घालणं म्हणजे सरळ आगीशी खेळ. चॅसिस, स्टँड, लेग गार्ड यांना पावडर उत्तम. तिथेही स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या जागा, स्विंगआर्मचे बुश आणि सगळे आटे झाकून घ्या, नाहीतर थर आत जातो आणि बोल्ट निम्म्यावर अडतो. आणि चॅसिस नंबरवर पट्टी लावायला विसरू नका. जाड थराखाली नंबर बुजला की पासिंगला इन्स्पेक्टर बॅटरी मारून शोधत बसतो.

टाकी-टूलबॉक्स-मडगार्डला टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग: खाली रंगाचा बेस, वर पारदर्शक क्लिअर. टाकी उतरवा, पेट्रोल काढा, कॉक (पेट्रोलची तोटी) काढून भोकं बंद करा, एक दिवस हवेशीर जागी राहू द्या. जुना रंग घट्ट असेल तर पूर्ण खरवडायची गरज नाही, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारा. पण मडगार्डची खालची दुमड आणि टाकीची खालची शिवण उघड्या पत्र्यापर्यंत न्या. गिरगाव-वरळीच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच वर येतो आणि नवा रंग वर्षभरात फोडासारखा उचलतो. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी जास्तीत जास्त दोन-तीन मिलिमीटर. पोचा खोल असेल तर डेंटरकडून उचलून घ्या, पुट्टीने भरू नका. मग सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर) आणि पाण्यात ४०० ते ८०० च्या पेपरने घिसाई.

मरूनमध्ये एक मेख आहे. लालसर रंग झाकत कमी. खाली प्रायमर कुठे करडा, कुठे पांढरा राहिला तर टाकी आणि टूलबॉक्सची छटा वेगळी दिसते, उन्हात तर हमखास. सगळ्या भागांना एकाच करड्याचा प्रायमर, सगळे भाग एकाच दिवशी, रंग एकाच डब्यातला. एवढ्या कामाला साधारण अर्धा लिटर बेस आणि तेवढाच क्लिअर लागतो. थोडा बेस बाटलीत राखून ठेवा, पुढे ओरखडा भरायला तोच डबा हवा. बेसचे तीन हलके हात, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं. सोनेरी पट्टी बेस आणि क्लिअरच्या मधे मारा, म्हणजे बोटाला कड लागत नाही. स्टिकरची पट्टी क्लिअरखाली घातली तर टाकीच्या वळणावर कड उचलते, त्यापेक्षा लांब केसांच्या ब्रशने हाती ओढणारा शोधा. हातात थोडा कंप दिसला तरी चालेल, तोच तर जिवंतपणा.

क्लिअर दुपारी मारा. पहाटेच्या दमट हवेत क्लिअरवर दुधाळ सावट येतं. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. 'लवकर सुकेल' म्हणून वाढवला तर पुढे तडे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कागदी मास्कने ते अडत नाही, वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. घराच्या गॅलरीत हा उद्योग नको.

सहा आठवड्यांतले पहिले दोन रंगाला द्या. का ते पुढे कोणीतरी सांगेलच.

लोहार_चाळ_वायर:
लाइटचं सांगतो. दोन फॉग मिळून ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअरच्या आत. ७.५ चा फ्यूज, दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि एक रिले (छोट्या करंटवर मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच). बॅटरी पॉझिटिव्हवरून आधी फ्यूज (बॅटरीपासून वीतभर अंतरात), मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून लाइट, ८५ अर्थ, ८६ ला पार्किंग लाइटची वायर स्विचमार्गे. म्हणजे चावी काढली की फॉगही बंद. हेडलाइटच्या स्विचवरून थेट लोड घेऊ नका, आतले कॉन्टॅक्ट जळून स्विच काळा पडतो.

पावडर कोटिंगचा एक फटका रंगारी भाऊंनी सांगितला नाही. थर वीज वाहत नाही. चॅसिसला बोल्ट मारून अर्थ घेतला तर लाइट मिणमिणतो आणि माणूस एलईडीला शिव्या देतो. अर्थ सरळ बॅटरी निगेटिव्हवर आणा. कंपनीचा मूळ अर्थ पॉइंट मात्र खरवडून, व्हॅसलीन लावून घट्ट करा.

जोड पिळून टेप मारू नका, पहिल्या पावसात टेपचा गोंद पातळ होतो. क्रिम्प करून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी. स्टिअरिंगपाशी वायरला ढील ठेवा, हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा आणि मगच टाय मारा. वायर सिलिंडर हेडपासून लांब.

एलईडी इंडिकेटर लावले की जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बावचळतो, टकटक वेगात. लोड रेझिस्टर लावू नका, तापतो आणि टेललाइटच्या प्लास्टिकला भोक पाडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, पिना जुन्याशी जुळवून. मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच पायलट दिवा असेल, तर एक बाजू लावली की चारही लुकलुकतात: करंट त्या दिव्यातून पलीकडे जातो. दिव्याला डावी-उजवीकडून एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि दुसरं टोक अर्थला. लॅमिंग्टन रोडला चिल्लरमध्ये मिळतो.

मरून_३५०:
सायलेन्सर खोडला. पण मूळ नळकांडं गंजलंय, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना फटफट आवाजही येतो. आणि साडी गार्डचं कोणी काहीच बोललं नाही.

गिअर_आणि_गुढी:
फटफट बहुतेक बेंड पाइपच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीच्या) तोंडाशी. हेडजवळचा गॅस्केट दबला की बाहेरची हवा ओढली जाते. इंजिन थंड असताना नट सोडा (जोर लावू नका, आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारा, स्टड तुटला तर खर्च तिप्पट), गॅस्केट नवा टाका आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. सायलेन्सर कंपनीचाच नवा घ्या किंवा जुन्यालाच क्रोम करून घ्या. क्रोमखाली तांबं आणि निकेल दिलंय का विचारा, नुसतं वरवरचं पॉलिश पावसाळा काढत नाही.

साडी गार्ड राहू द्या. मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, हाताला पकड आणि पायाला फूटरेस्ट लागतंच. नऊवारीचा काष्टा घट्ट असतो हे खरं, पण पदर आणि फेट्याचा शेमला मोकळाच. तो चेनमध्ये गेला तर कापड फाटत नाही, माणूस ओढला जातो. गार्ड कुरूप वाटतो ना? काळ्या पावडरमध्ये करा, मरूनच्या शेजारी दिसणारच नाही.

आता यात्रेचं. गाडी मुंगीच्या पावलाने चालणार, आणि हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबा असेल तर बंद करा. अर्ध्या क्लचवर रांगू नका, प्लेटा जळल्या की ढोलताशातही वास येतो. क्लच लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे का आधी बघा. हळू चालीत चार्जिंग नावालाच होतं, तेव्हा फॉग बंद ठेवा. बॅटरी बसलीच तर किक आहे.

झेंडूचा हार हेडलाइटवर आडवा, टोकं लेग गार्डच्या आत. पुढच्या मडगार्डवर हार नको, दोरा एक्सलला गुंडाळला की चाकच धरतो. बांधायला तार वापरू नका, सुती नाडी घ्या. झेंड्याची काठी मागच्या कॅरिअरला दोन क्लॅम्पवर, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा.

आणि रंगारी भाऊंनी दोन आठवडे का म्हटलं ते. क्लिअर हाताला सुका लागला तरी आतून पक्का व्हायला महिना धरा. तेवढ्यात टाकीवर कव्हर, मॅग्नेटची बॅग किंवा स्टिकर ठेवलात तर ठसा उमटतो. पूजेचं हळदकुंकू तर सर्वांत वाईट. ओलं कुंकू ताज्या क्लिअरवर घामासकट तासभर राहिलं की गुलाबी डाग आत शिरतो. ग्लॉसवर रबिंगने कदाचित निघेल, मॅटवर घासलं तर तिथे चकाकी येते. स्वस्तिक हेडलाइटच्या काचेवर काढा.

मरून_३५०:
मॅट नकोच मग. रंग दोन दिवसांत टाकतो.

कागद_आधी:
आरटीओ आधी.