विषय सोलापुरातच आहे की

ताई, एमएस्सीनंतर शाश्वत उत्पादन आणि उपभोग यात पीएचडी करायची तर पुण्या-मुंबईलाच जावं लागेल का असं तुम्ही विचारलंय, वर एकदोघांनी हो पण म्हटलंय, मला ते अजिबात पटलं नाही. अहो विषय इथं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पडलाय! तिथं टॉवेलचं सूत रिॲक्टिव्ह डायनं (धाग्याशी रासायनिक जोडणी करणाऱ्या रंगानं) रंगवताना मीठ आणि सोडा घालतात, ते मीठ सुतात राहत नाही, पाण्याबरोबर बाहेर जातं आणि सांडपाण्याच्या नेहमीच्या बायोलॉजिकल (जिवाणूंकडून होणाऱ्या) ट्रीटमेंटनं विरघळलेलं मीठ काही निघत नाही.

ट्रेनिंग मात्र नीट घ्या. लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे वस्तू बनण्यापासून फेकून देईपर्यंत पर्यावरणावर किती भार पडतो ते मोजणं, शिकाच, त्याची आंतरराष्ट्रीय मानकं आयएसओ १४०४० आणि १४०४४ वाचून काढा. त्यात आधी फंक्शनल युनिट, म्हणजे हिशोब नेमका कशाच्या मापानं करायचा ते, ठरवायचं असतं आणि गाडी तिथंच अडते. एक किलो टॉवेल धरायचे की एका माणसाचं वर्षभराचं अंग पुसणं? दुसरं धरलं की टॉवेल किती टिकतो, कसा धुतात हे सगळं आत येतं. युरोपातल्या अभ्यासात बऱ्याचदा गरम पाण्याचं मशीन नि ड्रायर धरलेला असतो, आपल्याकडं कित्येक घरी गार पाण्यात हातानं धुवून गच्चीवर वाळत टाकतात, म्हणून ते आकडे तसेच उचलू नका, घरोघर जाऊन विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांतलं १२ वं हेच आहे, पण त्यातला उपभोग मागंच राहतो, माझ्या मते खरं काम तिथं आहे. गाईड टेक्स्टाइलवाला आणि को-गाईड समाजशास्त्रातला असं जमतंय का बघा.