प्रतिसाद : पद्मिनीच्या हेडमधले अडकलेले स्टड

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरचं झाकण) अडकलेले स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) कसे काढायचे, असा प्रश्न आहे. त्यावर वरच्या एका प्रतिसादात पान्याला लांब पाइप लावून जोर करायचा सल्ला आलाय. कृपया तसं करू नका, स्टड हेडच्या पातळीवरच मोडेल.

प्रीमियर पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, स्टड पोलादाचे. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टड नव्हे, त्याच्या भोवतालचं हेड तापवा (आधी पेट्रोल लांब ठेवा!). आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मुरू द्या. मग दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटावर पाना लावा. पाव आटा सोडवा, परत थोडा आवळा, परत सोडवा. आट्यातून तांबूस चिखल बाहेर यायला लागला की समजा, सुटतोय.

स्टड मोडलाच तर एक्स्ट्रॅक्टर (मोडलेला स्टड बाहेर काढायचं हत्यार) आत तुटण्याची भीती असते. त्यापेक्षा उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून घ्या.